शंका-समाधान : राउटरचं 'ॲडव्हान्स्ड' पान

राउटरच्या सेटिंगमध्ये शिरलं की 'ॲडव्हान्स्ड' नावाचं एक पान उघडतं. त्यावर 'ट्रान्समिट पॉवर', 'चॅनेल विड्थ', 'बीकन इंटरव्हल', 'एमटीयू' अशी नावं ओळीने मांडलेली असतात, आणि नेट रखडून वैतागलेल्या माणसाला त्यातला प्रत्येक आकडा बदलून बघावासा वाटतो. या वेळची पत्रं त्याच पानाबद्दलची आहेत. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतची मुद्दाम एकत्र घेतली, कारण तिथली घरं, तिथली हवा आणि तिथला पाऊस या तिन्हींचा उत्तरांशी संबंध आहे. काहीही बदलण्याआधी त्या पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्यात तर गुण कशाने आला, ते कळायचं नाही.

आमचं घर जुनं, चिऱ्याचं. राउटर ओटीवर आहे, कारण केबल तिथेच आत येते. मी मागच्या खोलीत बसून ऑफिसचं काम करते. ट्रान्समिट पॉवर 'हाय' केली, २.४ गिगाहर्ट्झची विड्थ २० ची ४० केली, तरी मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो. दिवाळीनंतर जरा बरं असतं, पावसाळ्यात विचारूच नका. ॲपवरचे आकडे सोबत पाठवते. आणखी काय वाढवू? – एक वाचक, चौल

आकडे पाठवलेत हे फार बरं केलंत, बहुतेक पत्रांत नुसतं 'रेंज नाही' एवढंच असतं. ओटीवर उणे ४१, माजघरात उणे ६०, मागच्या खोलीत उणे ७९ डीबीएम. हे आकडे उणे असतात, शून्यापासून जितके लांब तितकी रेंज कमी. दर तीन डीबीला ताकद निम्मी होते, दहा डीबीला दहावा हिस्सा उरतो. मीटिंग सुरळीत चालायला साधारण उणे ६७ च्या आत असावं. माजघरापर्यंत तुमचं ठीक चाललंय, पुढच्या भिंतीने घात केलाय.

आता वाढवण्यासारखं काही राहिलेलं नाही, उलट कमी करण्यासारखं आहे. ट्रान्समिट पॉवर वाढवली की राउटर जोरात पाठवतो, पण तुमच्या लॅपटॉपला उत्तर स्वतःच्याच ताकदीवर परत धाडायचं असतं, आणि ती राउटरपेक्षा कमी असते. म्हणून समोरच्यांचं बोलणं तुम्हाला नीट ऐकू येतं आणि तुमचं त्यांना तुटक जातं. तुमची तक्रार नेमकी हीच आहे. पॉवर 'हाय'वर राहू द्या, तोटा नाही. पण तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको.

विड्थ मात्र आजच २० वर आणा. २.४ गिगाहर्ट्झचा सगळा पट्टा मिळून जेमतेम ऐंशी मेगाहर्ट्झचा. त्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. तुम्ही ४० घेतलेत की निम्मा पट्टा तुमचा, आणि शेजाऱ्यांची सगळी वायफाय तुमच्या अंगावर. शिवाय विड्थ दुप्पट केली की तीच ताकद दुप्पट जागेत पसरते आणि ऐकू येणारा गोंगाटही दुप्पट होतो, म्हणजे पल्ला वाढायच्या ऐवजी घटतो. हेच ५ गिगाहर्ट्झलाही लागू आहे. राउटरच्या खोलीत बसणाऱ्याने ८० खुशाल ठेवावं, एक भिंत ओलांडून बसणाऱ्याने ४० करून बघावं. स्पीडटेस्टचा आकडा उतरेल, पण मीटिंग टिकेल.

पावसाळ्याबद्दल तुम्ही बरोबर हेरलंत. जांभा सच्छिद्र दगड, पाणी पितो. फूटभर जाडीची चिऱ्याची भिंत जुलैत आतपर्यंत ओली असते, आणि वायफायच्या लहरी शोषून घ्यायला पाण्यासारखं दुसरं काही नाही. मे महिन्यात ज्या भिंतीतून थोडंफार पलीकडे जातं, त्याच भिंतीतून श्रावणात काही जात नाही. कंपनीचा माणूस उन्हाळ्यात येऊन तपासून 'सगळं ओके' म्हणून गेला असेल, तर तो खोटं बोलला नाही.

या भिंतीवर ॲडव्हान्स्ड पानात उपाय नाही. ओटीवरच्या राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत कॅट-६ केबल टाका, वाशांच्या कडेने ती दिसतही नाही, आणि तिकडे दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवा. शंभर मीटरपर्यंत ती बिनदिक्कत चालते. दुकानदार रिपीटर गळ्यात मारेल, तो घेऊ नका. स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच्यावरच पुढे सांगतो, त्यात निम्मा वेग जातो. आणि तुम्ही तो मागच्या खोलीत लावलात, तर ती ओली भिंत त्यालाही ओलांडायचीच आहे.

एक जास्तीची सूचना, चौल-नागावकडच्या वाड्यांसाठी. घरापासून वाडीतल्या खोलीपर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नका. वळिवाची आणि परतीच्या पावसाची वीज जवळपास पडली, तरी त्या तारेतून झटका दोन्हीकडच्या यंत्रांत शिरतो. तिथे फायबर टाका आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावा. काचेतून वीज वाहत नाही.

दोनशेचा प्लॅन आहे. पहिली दोन वर्षं दोनशे मिळत होते. गेल्या पावसाळ्यापासून काहीही करा, ९४ च्या वर जात नाही. राउटर रीसेट केला, क्यूओएस बंद केलं, डीएनएस बदलला. – एक वाचक, रेवदंडा

तुमचं उत्तर ९४ या आकड्यातच आहे. कधी ७०, कधी १२० असं हेलकावत असतं तर गोष्ट वेगळी. रोज न चुकता ९४ म्हणजे कुठलं तरी केबलचं टोक गिगाबिटवरून १०० वर घसरलंय. शंभराच्या जोडणीतून वरखर्च वजा जाता तेवढेच मिळतात.

केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. गिगाबिटला चारही लागतात, शंभराला दोन पुरतात. म्हणून एखादी तार बिघडली तरी पुष्कळदा जोडणी तुटत नाही, गुपचूप खालच्या वेगावर येते आणि दिवे हिरवेच राहतात. तुमच्याकडे खारा वारा आहे. प्लग काढून उजेडात धरा. आतल्या आठ पितळी पट्ट्यांपैकी एखादीवर हिरवट बुरशीसारखा थर दिसेल. राउटरच्या 'स्टेटस' पानावर वॅन पोर्टसमोर '१०० एम' लिहिलेलं दिसलं की शंका फिटली. आधी फायबरच्या डब्यापासून राउटरपर्यंतची छोटी केबल बदलून बघा, बहुधा तिथेच भागेल. नाही भागलं तर पोर्टच गंजलाय. डीएनएस मात्र पूर्वीसारखा ठेवा किंवा नवा राहू द्या, या तक्रारीशी त्याचं देणंघेणं नाही.

मुलगा गेम डाउनलोड करायला बसला किंवा सौभाग्यवतींचे फोटो रात्री क्लाउडवर चढायला लागले, की माझा बंगळुरूच्या नातवाशी चाललेला व्हिडिओ कॉल अडकतो. स्पीडटेस्ट करावी तर पूर्ण शंभर दाखवतं! केबलवाला म्हणतो प्लॅन वाढवा. राउटरमध्ये 'क्यूओएस' आहे, ते लावू का? – एक निवृत्त शिक्षक, अलिबाग

गुरुजी, प्लॅन वाढवू नका. क्यूओएस लावा, पण नीट आकडे घालून.

तुमचा वेग कमी नाही, तुमची रांग लांब आहे. मांडव्याच्या रो-रोवर चढायला मोठ्या गाड्यांची रांग लागलेली असावी आणि मागे एक दुचाकीवाला थांबावा, तसं व्हिडिओ कॉलच्या लहान पाकिटांचं होतं. बोट तेवढीच मोठी, वेळेवर सुटते, गाड्याही भरभरून जातात. पण दुचाकीवाल्याला तास लागतो. राउटर आणि कंपनीच्या डब्यात येणारी पाकिटं साठवायला जागा असते. ती उदारपणे मोठी ठेवलेली असते, जेणेकरून एकही पाकीट वाया जाऊ नये. गेमचं डाउनलोड ती पूर्ण भरून टाकतं आणि कॉलचं पाकीट त्याच्या शेपटाला लागतं. अमेरिकेतले संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास घरच्याच जोडणीवर या त्रासाचा माग काढला आणि त्याला 'बफरब्लोट' हे नाव रूढ झालं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर 'कोडेल' नावाची तोड काढली : पाकीट रांगेत किती वेळ थांबलं ते बघायचं, आणि फार थांबायला लागलं की काही पाकिटं टाकून देऊन पाठवणाऱ्याला हळू व्हायला लावायचं. पुढे तिच्यातूनच 'एफक्यू-कोडेल' आणि 'केक' निघाले.

आधी खात्री करा. घरात कुणी काही उतरवत नसताना लॅपटॉपवरून पिंग लावा. समजा ८-१० मिलिसेकंद आलं. मग पिंग चालूच ठेवून मुलाला डाउनलोड सुरू करायला सांगा, आणि नंतर फोटो चढवून बघा. आकडा तीनशे-चारशेवर गेला तर रोग हाच. चढवताना जास्त बिघडतो असं बहुतेकांच्या लक्षात येतं, कारण पुष्कळ प्लॅनमध्ये वरचा रस्ता अरुंद असतो. लॅपटॉप यासाठी केबलने जोडा, नाहीतर वायफायचा दोष यात मिसळेल.

आता क्यूओएसच्या पानावर 'टोटल बँडविड्थ' विचारतात, तिथे सगळे चुकतात. प्लॅनचा आकडा घालतात, शंभर. मग रांग पूर्वीसारखीच कंपनीच्या डब्यात साचते आणि तुमच्या राउटरचा तिच्यावर काही ताबा राहत नाही. केबलवर मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के लिहा, वरचा आणि खालचा वेगवेगळा. थोडा वेग सोडून दिला की रांग तुमच्या घरात, तुमच्या राउटरपाशी लागते, आणि मग कुणाला आधी सोडायचं ते त्याला ठरवता येतं. मेनूत 'एसक्यूएम', 'एफक्यू-कोडेल' किंवा 'केक' यांपैकी काही दिसलं तर डोळे झाकून तेच निवडा. नसेल तर साध्या क्यूओएसमध्ये तुम्ही ज्यावरून कॉल करता ते यंत्र 'हायेस्ट'वर टाका.

एक धोका आहे. स्वस्त राउटरमध्ये क्यूओएस चालू केलं की आतल्या चिपचा जवळचा रस्ता बंद होतो आणि प्रत्येक पाकीट मुख्य प्रोसेसरकडे हजेरीला जातं. शंभरच्या प्लॅनला बहुधा चालून जातं, तीनशे-पाचशेवाल्याचा वेग मात्र निम्मा झालेला मी पाहिलाय. तसं झालं तर क्यूओएस बंद करून फोटो पहाटे चढतील असं वेळापत्रक लावा. त्यातही लाज वाटण्यासारखं काही नाही.

आमचं घर मांडव्याला, समोर जहाजं दिसतात. ५ गिगाहर्ट्झचं नाव दिवसातून एक-दोनदा गायब होतं आणि मिनिटभराने परत येतं. जहाजांच्या रडारमुळे असेल का? – एक वाचक

रडारचा संबंध आहे, जहाजांचा नाही. जहाजांची रडारं साधारण ३ आणि ९ गिगाहर्ट्झवर चालतात, तुमच्या पट्ट्यापासून दोन्ही लांब. पण ५ गिगाहर्ट्झच्या मधल्या चॅनेलवर, ५२ ते ६४ आणि १०० ते १४४, हवामानाची आणि इतर काही रडारं असतात. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याने २०२२ मध्ये सुरू केलेलं सी-बँड रडार याच शेजारातलं. त्या चॅनेलवर राउटर पाहुणा असतो. सुरू होण्याआधी त्याला मिनिटभर कान देऊन बसावं लागतं, रडारसारखं काही ऐकू आलं की दहा सेकंदांत जागा सोडावी लागते आणि अर्धा तास परत फिरकता येत नाही. मेनूत याला 'डीएफएस' म्हणतात. दर वेळी खरंच रडार असतं असंही नाही, दूरच्या एखाद्या वायरलेस डिशच्या लहरींनाही राउटर दचकतो.

चॅनेल 'ऑटो'वरून काढून ३६ ते ४८ मधला किंवा १४९ च्या पुढचा एखादा नक्की करा. दोन्हीकडे ही अट नाही. १४९ कडे राउटरला ताकदही जास्त वापरू देतात, जुन्या फोनला तो दिसतो का तेवढं बघा.

जाता जाता, लहरींच्या गोंगाटाशी अलिबागचं नातं तुमच्या राउटरपेक्षा बरंच जुनं आहे. मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या होत्या आणि त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेची मोजमापं बिघडली असती, म्हणून १९०४ मध्ये ती मोजमापं अलिबागला हलवली. संचालक होते नानाभाई मूस. दोन्ही ठिकाणचे आकडे जुळावेत म्हणून १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग अशी दोन्हीकडे नोंद चालू ठेवली, मगच कुलाबा थांबवलं. जुन्या मापाशी नवं ताडून पाहिल्याशिवाय जुनं सोडायचं नाही, ही शिस्त आपल्याकडे राउटर बदलताना कुणी पाळत नाही.

नागावला आमचं घर आहे, आम्ही ठाण्यात असतो. कॅमेरे बघता यावेत म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग केलं, 'डीएमझेड'ही चालू केलं, पण बाहेरून काही उघडत नाही. – एक वाचक

उघडत नाही हे तुमचं नशीब. डीएमझेड आत्ताच बंद करा. त्याने कॅमेऱ्याचा डबा सगळ्या जगाच्या दारात मांडला जातो. २०१६ च्या 'मिराई' हल्ल्यात असेच कॅमेरे आणि राउटर, कारखान्यातून आलेल्या पासवर्डसकट, हजारोंनी ताब्यात घेतले गेले आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेत मोठमोठी संकेतस्थळं बंद पाडली गेली. मालकांना पत्ताही नव्हता.

का उघडत नाही, तेही पाहा. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये सुरू होत असेल, तर तो पत्ता फक्त तुमचा नाही. कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलाय आणि फॉरवर्ड करायचं दार तिच्याकडे आहे, तुमच्याकडे नाही. जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी घेता येतो, पण कॅमेऱ्यांसाठी तो घ्यायची गरज नाही. वायरगार्ड या व्हीपीएनवर बेतलेली टेलस्केलसारखी सोय घरातल्या एखाद्या कायम चालू यंत्रावर बसवा, ती आतून बाहेर जोडणी करते, म्हणून वाटून घेतलेल्या पत्त्यावरही चालते. यूपीएनपी बंद, कॅमेऱ्याचा पासवर्ड नवा, फर्मवेअर ताजं.

काशीदला आमच्या चार खोल्या पर्यटकांसाठी आहेत. पाहुण्यांना वायफाय द्यावंच लागतं. – एक वाचक

'गेस्ट नेटवर्क' चालू करा आणि त्यातलं 'आयसोलेशन'ही, म्हणजे एका पाहुण्याला दुसऱ्याचा फोन दिसणार नाही आणि तुमचा बिलिंगचा संगणक कुणालाच नाही. गेस्टला वेगाची मर्यादा घाला. चॅनेल १२-१३ आपल्याकडे चालतात, पण परदेशातून आणलेल्या काही फोनना ते दिसत नाहीत, तेव्हा १, ६, ११ वरच थांबा. पासवर्ड दर हंगामाला बदला. भिंतीवर लिहिलेला तर नक्कीच.

बीकन इंटरव्हल, आरटीएस थ्रेशोल्ड, एमटीयू, डब्ल्यूएमएम – यांचे चांगले आकडे कोणते? – बऱ्याच जणांनी विचारलंय

बीकन १०० आहे, तिथेच राहू द्या. आरटीएस २३४७ आहे, तेही. एमटीयू : लॉगिन-पासवर्डची पीपीपीओई जोडणी असेल तर १४९२, नसेल तर १५००. काही पानं उघडतात, काही अर्धवट लटकतात असं होत असेल तेव्हाच तिकडे बघा. डब्ल्यूएमएमला हात लावू नका. तो बंद केला की नियमानुसार वायफाय जुन्या ५४ च्या वेगावर येऊन बसतं. सुरक्षेत 'टीकेआयपी' ठेवलंत तरी तेच होतं, डब्ल्यूपीए-२ 'एईएस' किंवा डब्ल्यूपीए-३ ठेवा. डीएनएस बदलून डाउनलोडचा वेग वाढत नाही, पान उघडायला लागणारा पहिला क्षण फार तर कमी होतो.

निसर्ग वादळानंतर इथे कित्येक दिवस ना वीज होती ना मोबाइल. आता फायबर आलंय, पण वारा-पाऊस झाला की तांबडा दिवा लागतो, आणि वीज गेली की वायफायही. सेटिंगमध्ये काही करता येईल का? – एक वाचक, दिवेआगर

३ जून २०२० चं ते वादळ तुमच्या भागातल्या नारळी-पोफळींनाच नव्हे, खांबांनाही पुरून उरलं होतं. फायबर आता त्याच खांबांवरून येतं. झावळी पडली की केबल ताणली जाते, कधी तुटते, कधी नुसती दुमडते. तुटली की 'एलओएस'चा तांबडा दिवा लागतो आणि तिथे सेटिंगचं काम नाही, फोन करायचा. दुमडली असेल तर दिवा हिरवा राहतो आणि नेट अधूनमधून जातं, ते ओळखायला मात्र एक पान उपयोगी आहे. फायबरच्या डब्यात 'ऑप्टिकल' किंवा 'पॉन स्टेटस' नावाने 'आरएक्स पॉवर' दिसते. उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या आत असेल तर निर्धास्त राहा. उणे २७ च्या आसपास ती यंत्रं ऐकायचं सोडून देतात. आज, सगळं चांगलं चाललेलं असताना, तो आकडा कागदावर लिहून ठेवा. पुढच्या पावसात तो चार-पाच डीबीने उतरला, तर तक्रार करताना 'नेट स्लो आहे' म्हणू नका, दोन्ही आकडे सांगा. मग येणारा माणूस राउटर रीसेट करून परत जात नाही, खांबावर चढतो.

विजेसाठी घरचा इन्व्हर्टर असेल तर फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही त्याच्या लाइनवर घ्या. पुष्कळ ठिकाणी फक्त राउटर घेतलेला असतो आणि वायफाय दिसतं पण नेट नसतं. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो काही तास सहज काढतो. घेण्याआधी दोन्ही यंत्रांच्या मागचं लेबल वाचा. बहुतेक १२ व्होल्टची असतात, पण काही राउटर ९ व्होल्टचे निघतात आणि पिन दोन्हींची सारखीच बसते.